गव्हाच्या पैशातला शेवटचा फर्मा

४ ऑगस्ट

ती. काका,

नमस्कार. वाकून केला असं समजा, कारण इथे टेबल आणि भिंत यांच्यामध्ये वाकायला जागा नाही.

मला नोकरी लागली, वकिलातीत. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की मुलगी वकील झाली. तुमच्यापर्यंत तसं आलं असेल तर ते खरं नाही. मी दिवसभर पुस्तकं विकत घेते. परक्या सरकारच्या पैशांनी आपल्या भाषेतली पुस्तकं घ्यायची, शिक्का मारायचा आणि पेट्यांत भरून त्या देशातल्या ग्रंथालयांना पाठवायची.

त्यांना आपल्या पुस्तकांचं एवढं काय पडलंय, हे मीही विचारलं. आमच्या मोठ्या बाई त्यांच्याकडच्याच आहेत, पण आपली भाषा आपल्यापेक्षा सावकाश आणि स्वच्छ बोलतात. त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. पीक बुडालं त्या वर्षापासून त्यांचं सरकार आपल्या सरकारला गहू विकतं. त्यांच्या चलनात पैसे द्यायची आपली ऐपत नाही, म्हणून आपल्याच चलनात घेतं. आपलं सरकार तो गहू स्वस्त धान्याच्या दुकानांतून आपल्याला विकतं आणि पैसे त्यांच्या नावाने इथल्या बँकेत भरतं. आता ते पैसे त्यांचे, पण देशाबाहेर न्यायचे नाहीत असा करार आहे. नेले तरी तिकडे त्यांना कुत्रं विचारणार नाही. म्हणजे इथेच खर्चायला हवेत. गहू येत राहतो, पैसे साठत राहतात, आणि बाईंच्या कपाळावर आठ्या वाढत राहतात.

बरेचसे पैसे आपल्याच सरकारला धरणं बांधायला कर्जाऊ देतात. वकिलातीचे पगार, वीज, रंगरंगोटी त्यातूनच होते. गेल्या वर्षी एका प्राध्यापकांना वटवाघळांच्या अभ्यासासाठी दिले. एक बँडपथक गावोगाव वाजवत फिरवलं. तरी उरले, तेव्हा कोणाला तरी पुस्तकं सुचली. नवं पुस्तक दिसलं की छापील किमतीला पंचवीस प्रती घ्यायच्या. बरं की वाईट हे बघायचं नाही, कारण ते बघायला वेगळा माणूस ठेवावा लागेल.

तर तुमच्या छापखान्यातून काय काय निघतं ते कळवा.

तुमची,
बबडी


१३ ऑगस्ट

चि. बबडी,

वकील झाल्याबद्दलचे आशीर्वाद परत घेतो, नोकरीबद्दलचे पाठवतो.

तुझं पत्र वाचलं. पैशांचा भाग पुन्हा वाचला. मला समजलं ते असं. तुझी काकू रांगेत उभी राहून गहू घेते. तिने दिलेले पैसे परक्या सरकारचे होतात. त्या पैशांनी तू माझी पुस्तकं घेणार. मला आलेले पैसे मी काकूच्या हातात ठेवणार, आणि ती पिशवी घेऊन परत रांगेत जाणार. यात परका देश नेमका कुठे येतो ते मला दिसलं नाही. पण मी सातवीपर्यंतच शिकलो.

छापखान्यातून पावतीपुस्तकं निघतात, पत्रिका निघतात, नगरपालिकेच्या नोटिसा आणि निवडणुकीत दोन्ही बाजूंची पत्रकं निघतात. पुस्तक म्हणावं असं एकच, 'कोंबड्यांचे रोग'. इथल्या जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलंय. सगळा गठ्ठा कपाटावर पडून आहे. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांना वाचायला सवड नाही, आणि वाचणाऱ्यांकडे कोंबड्या नाहीत.

आणखी एक आहे. काकूने कादंबरी लिहिली आहे. वह्या पिठाच्या डब्यामागे असतात. मी वाचलेली नाही. आम्हा जुळाऱ्यांना छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायची सवय, सरळ काही वाचायला बसलं की डोळा लागतो. छापा असं ती कधी म्हणाली नाही आणि मी कधी विचारलं नाही. असलं काही तुमच्या नियमात बसतं का? बसत असेल तरच तिच्याजवळ विषय काढतो.

काका


२५ ऑगस्ट

ती. काका,

कोंबड्या घेतल्या. पंचवीस. बाईंनी पुस्तक हातात घेऊन चाळलं आणि म्हणाल्या, "चित्रं चांगली आहेत." चित्रांतल्या सगळ्या कोंबड्या मेलेल्या आहेत हे मी सांगितलं नाही.

कादंबरी शंभर टक्के बसते. तुम्ही काकूला आजच विचारा. आजच म्हणजे हे पत्र खाली ठेवल्यावर. इतकी वर्षं वह्या डब्यामागे आहेत आणि तुम्ही मला सांगताय की तिने विचारलं नाही म्हणून तुम्ही विचारलं नाही. धन्य आहात.

एक अट मात्र नीट लक्षात ठेवा. पुस्तक बांधून पूर्ण होऊन एकतीस मार्चच्या आत आमच्याकडे पोचायला हवं. वर्षाचे पैसे वर्षात संपले नाहीत तर बाईंना तिकडे पत्र लिहून कारण द्यावं लागतं. पैसे उरले याचं कारण आजवर कोणाला नीट देता आलेलं नाही.

बबडी


६ डिसेंबर

प्रिय बबडे,

तुझ्या काकांनी एका सकाळी दाढी करता करता आरशाकडे बघत विचारलं, "त्या वह्यांत काय आहे?" मला वाटलं, वाण्याचा हिशेब चुकला. मी म्हटलं, कादंबरी आहे. ते म्हणाले, "किती फर्मे होतील?" मग मला सांगावं लागलं की फर्मा म्हणजे किती ते मला माहीत नाही. एका कागदावर सोळा पानं छापतात, तो एक फर्मा. माझे नऊ झाले. एकशे चव्वेचाळीस पानं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी माझं काही पहिल्यांदाच मोजलं.

कादंबरीचं नाव 'मापाडीण'. धान्याच्या गोदामात काट्यावर माप घालणारी एक बाई आहे. घरात तिला कोणी काही विचारत नाही. नवरा वाईट नाही, मारत नाही, पीत नाही, नुसता विचारत नाही. एक दिवस ती काटा तसाच सोडून निघून जाते. पुढचं सांगत नाही. बरीचशी मी गव्हाच्या रांगेत लिहिली. आमची रांग हलत नाही, त्यामुळे अक्षर चांगलं येतं. पुढची बाई, मागची बाई विचारतात, आज काय झालं तिचं, आणि मी वाचून दाखवते. छापून झाली की त्या दोघींना द्यायचीच आहे.

पंचवीस प्रती परदेशात जाणार म्हणे. तिकडे आपली भाषा कोण वाचतं गं? मला आशा नाही, पण सांगून ठेवते. तिथे एकाने जरी ती शेवटपर्यंत वाचली असं कधी तुझ्या कानावर आलं, तर मला कळव. मध्येच सोडली असेल तर कळवू नकोस.

काकू


२९ मार्च

चि. बबडी,

पंचवीस प्रती काल रवाना केल्या. तुझ्या तारखेत बसतील. कागदाची फार ओढाताण झाली. सरकारी कोट्याचा कागद आला, त्याच आठवड्यात नगरपालिकेने नव्या शिधापत्रिका छापायला दिल्या आणि ताबडतोब मागितल्या. पत्रिका नसेल तर लोकांना गहू मिळणार नाही, म्हणून ते काम आधी घ्यावं लागलं. असो, झालं सगळं.

काकूच्या एका प्रतीला कापडी बांधणी केली आहे. ती खूश आहे. उशाशी घेऊन झोपते. बाकीच्या प्रतींची बांधणी सवडीने करीन.

पोच मलाच पाठव, तिला वेगळं लिहायची गरज नाही. पानांचे आकडे वगैरे लिहीत बसू नकोस. तिला आकड्यांचा कंटाळा आहे.

काका


५ एप्रिल

ती. काका,

प्रती मिळाल्या. शिक्का मारला, कार्ड केलं, पेटीत भरल्या. कार्डावर लिहिलंय: 'मापाडीण. कादंबरी. पाने १२८.' आकडा लिहू नका म्हणालात, पण कार्डावर लिहावाच लागतो. मला वाचायला वेळ झाला नाही. या महिन्यात इतकी पुस्तकं आली की मी फक्त मलपृष्ठं वाचते.

मुखपृष्ठ सुंदर आहे. काकूला सांगा.

बबडी


दोन वर्षांनंतर
९ फेब्रुवारी

प्रिय काकू,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस.

आधी इथलं सांगते. सलग दुसऱ्या वर्षी पीक भरघोस आलं, त्यामुळे त्यांचा गहू बंद झाला. वर्तमानपत्रं आनंदाने भरली आहेत. आमच्या कचेरीत मात्र कोणी मेल्यासारखं वातावरण आहे. पुस्तकांचं खातं बंद झालं. पैसे बंद झाले नाहीत बरं का. ते बँकेत ढिगाने पडलेत आणि अजून काही वर्षं संपायचे नाहीत. फक्त कशावर खर्चायचे याची यादी लहान झाली. आता इमारतींची दुरुस्ती आणि प्रवास एवढंच उरलं. मला प्रवासाच्या टेबलावर बसवलंय. मी कुठेही जात नाही.

आता खरी गोष्ट. काल त्यांच्याकडच्या एका विद्यापीठातून तुझ्या नावाचं पत्र आलं. तुझा पत्ता त्यांना माहीत नाही म्हणून आमच्याकडे आलं. मी फोडलं, माफ कर. सोबत जोडलंय. तुला कोणीतरी वाचलंय, काकू. शेवटपर्यंत.

काकांना पेढे... नाही, राहू दे, त्यांना दातांचा त्रास आहे. नुसतं सांग.

बबडी

[सोबतचं पत्र]

आदरणीय लेखिका बाई,

मी विद्यापीठाची विद्यार्थी आहे. आपली भाषा मी तीन वर्ष शिकते. आमच्या ग्रंथालयाचे तळघरात आपल्या देशाचे पुष्कळ पुस्तके आहे आणि वाचणारी मी एकटी आहे. प्रथम मी 'कोंबड्यांचे रोग' वाचली कारण ती बारीक होती. नंतर 'भुईमुगाची लागवड'. नंतर आपला कादंबरी. आपला कादंबरी माझ्यात खोल रुजला आहे आणि उगवण उत्तम आहे.

माझे वडील गहू पिकवतात. मी त्यांना सांगितली की तुमचे गव्हामुळे हे पुस्तक इकडे आले. ते म्हणाले, गव्हाला यापेक्षा वाईट भाव मिळालेला आहे. ही त्यांची स्तुती आहे.

आपण शेवट लिहिला नाही, हे फार धीट आहे. मापाडीण परत येते, रात्र आहे, 'तिनं कडीला हात लावला आणि' असे लिहून पुस्तक संपते. मी या 'आणि' वर निबंध लिहिला. प्राध्यापकांनी पहिली श्रेणी दिली. परंतु नंतर मी अनुक्रमणिका पाहिली. तिथे 'परत' नावाचे प्रकरण पान १३१ वर आहे. पान १३१ नाही. हेसुद्धा आपला धीटपणा आहे काय?

कृपया उत्तर द्यावे. तिने कडी काढली काय? मी नीट झोपत नाही. भूक मंद आहे. पिसे गळत नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक


१७ फेब्रुवारी

चि. बबडी,

तुझं पत्र पोचलं. काकू तिच्या बहिणीकडे गेली.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तू चांगल्या मनाने लिहिलंस. तिने ते पत्र मला स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. 'शेवट लिहिला नाही' इथे आल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "ही कुठलं पुस्तक वाचतेय?" मग स्वतःची कापडी प्रत आणून शेवटचं पान काढलं. मग माझ्याकडे पाहिलं.

झालं ते असं. आठ फर्मे छापून झाले होते. नवव्याचा कागद शिधापत्रिकांना गेला. तुझी एकतीस मार्च डोक्यावर बसलेली. नववा फर्मा जुळवून तयार होता, म्हणून मी हाताने त्याचा एकच ठसा काढला, तुझ्या काकूच्या प्रतीसाठी. पुड्या बांधायच्या कागदावर, पण चांगला आला. तिची प्रत पूर्ण केली. तुमच्या पंचवीस आठ फर्म्यांवरच बांधल्या. वाटलं, परक्या देशात, परक्या भाषेत, तळघरात कोण उघडून बघणार. पैसे खर्चायचे म्हणून घेतलेली पुस्तकं. नंतर ते जुळवलेले खिळे सुटे केले आणि तेच निवडणुकीच्या पत्रकांना लागले. उरलेल्या प्रतींची बांधणी का होत नाही असं ती दोन वर्षं विचारत होती. मी सुतळी नाही म्हणून सांगत होतो.

ती रागावली नाही. रागावली असती तर मला सवय आहे. तिने विचारलं, "तुम्हाला शेवट काय होता ते तरी माहीत आहे का?" मी म्हटलं, जुळवला मीच की. ती म्हणाली, "मग सांगा." मला सांगता येईना. अक्षरं आठवत होती, एकेक खिळा आठवत होता. त्यात काय होतं ते आठवेना.

जाताना तिने कापडी प्रत आणि डब्यामागच्या वह्या नेल्या. आता शेवट जगात तेवढाच आहे आणि तो तिच्या पिशवीत आहे. मी छापखान्यातल्या पोराबरोबर पत्र पाठवलं होतं. न फोडता परत आलं. तू काही करू शकलीस तर बघ. नाही केलंस तरी मी समजू शकतो.

काका


२४ फेब्रुवारी

काका,

'ती.' मुद्दाम लिहिलं नाही.

तिला आकड्यांचा कंटाळा आहे म्हणालात. छापखान्याचा हिशेब लग्नापासून तीच लिहिते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. आणि मी माझ्या हाताने 'पाने १२८' लिहिलं. डिसेंबरमध्ये तिने मला एकशे चव्वेचाळीस कळवली होती. म्हणजे पुस्तक न वाचणाऱ्यांत मीही आलेच. मला आज दिवसभर रडू येत होतं, प्रवासाची तिकिटं चुकीच्या गावांची काढली.

मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पुस्तकांचं खातं बंद आहे, त्यातून एक पानही घेता येणार नाही, असं म्हणाल्या. मग खात्यांची यादी काढून बघितली. मग म्हणाल्या, "दुरुस्तीचं खातं उघडं आहे." दुरुस्ती इमारतींची असते, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "अर्जात नुसतं दुरुस्ती लिहिलंय. कशाची ते पुढच्या रकान्यात येतं." पुढच्या रकान्यात 'कोणती भिंत' असं विचारलंय. मी 'मागची' लिहिलं. बाईंनी सही केली.

म्हणजे नवव्या फर्म्याचे पैसे गव्हातूनच मिळतील. कागदही. मजकूर मात्र काकूकडे आहे. मी तिला लिहितेय. तुम्ही काही करू नका, फक्त खिळे धुऊन ठेवा.

बबडी


८ मार्च

प्रिय बबडे,

तुझं पत्र मिळालं. आधी मापाडीण, मग मागची भिंत. बढती म्हणायची.

तुझ्या काकांना वाटतं, मी सोळा पानांसाठी घर सोडलं. तू तरी तसं समजू नकोस. त्यांनी फसवलं याचंही मला एवढं नाही. पण त्यांनी धरूनच चाललं की कोणी वाचणार नाही. घरातल्या माणसाने. आणि तिकडे एक पोरगी कोंबड्यांच्या रोगांवरून भाषा शिकून माझ्या कडीपाशी झोप घालवून बसलीय. तिला उत्तर द्यायलाच हवं, म्हणून मी शेवट पाठवणार आहे.

पण जुना पाठवणार नाही. जुन्या शेवटात ती कडी काढते, आत जाते, पीठ मळायला बसते आणि सगळं पहिल्यासारखं होतं. तो लिहिला तेव्हा मला माहिती कमी होती. आता बहिणीच्या माडीवर बसून सोळा पानं नवीन लिहिली. सोबत आहेत. तूच त्यांना पाठव, मी त्यांना पत्र लिहीत नाही.

दोन गोष्टी ऐक. या खेपेस लेखिकेने मुद्रितं तपासल्याशिवाय एकही कागद छापायचा नाही. आणि कापणी यंत्राखाली माझे आठ-आठ फर्मे अजून पडलेत, त्यांनाही हा नववा जोडायचा आणि त्या प्रती गावात वाटायच्या. रांगेतल्या बायकांच्या पैशांनी पुस्तक झालं आणि रांगेतल्या एकीलाही मिळालं नाही. पुढची बाई अजून मला विचारते, तिचं काय झालं म्हणून.

काकू


१९ मार्च

ती. काका,

'ती.' परत दिलं, तात्पुरतं.

सोळा पानं सोबत आहेत. मी वाचली नाहीत. हा हक्क आधी तुमचा असं काकूने लिहिलं नाहीये, मला वाटलं.

गावातल्या प्रतींबद्दल बाईंना विचारलं. अडचण अशी की या पैशांनी केलेलं पुस्तक त्यांच्या देशात जायला हवं. थोडक्यात पैसे देश सोडू शकत नाहीत आणि पुस्तक देशात राहू शकत नाही. मी हताश होऊन बसले. तेव्हा बाईंनी विचारलं, "छपाईत काही कागद वाया जातो ना?" जातो म्हटलं. "किती?" मी म्हटलं, मुद्रकावर अवलंबून आहे. त्या म्हणाल्या, "तो निष्काळजी आहे असं तुमच्या अर्जावरून वाटतं." आणि वाया जाणाऱ्या कागदाचा आकडा त्यांनी स्वतः लिहिला. तुमच्या दोनशे प्रतींना पुरेल.

बबडी


२ एप्रिल

चि. बबडी,

काम सुरू केलं. मी पुढचं वाचत नाही. जुळाऱ्याने पुढचं वाचलं की हात चुकतो. म्हणून तू शेवट काय आहे ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही. पण या वेळी प्रत्येक ओळ जुळवून झाली की थांबतो आणि तिच्यात काय म्हटलंय ते स्वतःला सांगतो. फार वेळ लागतो. पोराने विचारलं, तुम्ही स्वतःशी बोलताय का. मी हो म्हटलं.

पान १२९. तिनं कडीला हात लावला आणि कडी आतून लावलेलीच नव्हती. आत नवरा बसलाय. पहिल्या एकशे अठ्ठावीस पानांत तो गोदामाचा पहारेकरी होता. आता छापखान्यात लागलाय. काकूने तिथेच लिहिलंय, माणसं मधल्या काळात नोकऱ्या बदलतात. तो तिला बघतो. ती का गेली ते विचारत नाही. कुठे होतीस विचारत नाही. ती सांगत नाही. तो पाणी देत नाही, तीही मागत नाही.

इथे काम अडलं. काकूने इतक्या वेळा 'नाही' लिहिलंय की माझ्या केसमधले, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतले, 'न' संपले. आजवर असं कधी झालं नव्हतं, निवडणुकीतसुद्धा नाही. आता ही पानं ठसा काढून बाजूला ठेवायची, खिळे सोडून 'न' मोकळे करायचे, मग पुढे. शिवाय काकूने मुद्रितं बघितल्याशिवाय छापायचं नाही. म्हणजे मी मध्येच अडकलो आहे. ती येईल का, ते पुढच्या पानांत असावं असं मला वाटतं. पण मी क्रमानेच जाणार.

काका


१२ एप्रिल

चि. बबडी,

पान १३७ ते १४० झाली. 'न' परत संपले. ती बोलते, तो ऐकतो. ती सांगते की काट्यावर माप घालताना ती प्रत्येक पोत्याला एक गोष्ट जोडायची आणि घरी येऊन ती सांगायला तोंड उघडायची, तेवढ्यात तो दिवा मालवायचा. मी दिवा मालवायचो. तेलाचा खर्च म्हणून. हे तिने कुठे लिहून ठेवलं होतं कोण जाणे.

जुळवताना मी दोनदा उठून बाहेर जाऊन आलो.

काका


१६ एप्रिल

चि. बबडी,

शेवटची चार पानं जुळवली. या वेळी 'न' पुरले. पुरून उरले. मला ते आधी केसमध्ये दिसलं, मजकुरात नंतर.

शेवटच्या पानावर ती बोलायची थांबते. तिला वाटतं, आता हा उठेल. तो उठत नाही, दिव्याकडे हात नेत नाही, आणि म्हणतो, "मग पुढे?" तिथे कादंबरी संपते. ही ओळ मी जुळवली, सोडली आणि पुन्हा जुळवली. तिच्यात चूक नव्हती.

मग मी बाजारातून एक पोस्टकार्ड आणलं, काकूच्या बहिणीचा पत्ता घातला आणि मागे तेच दोन शब्द लिहिले. कार्ड उघडंच असतं, न फोडता परत पाठवता येत नाही.

काका


२७ एप्रिल

चि. बबडी,

मुद्रितं तपासून झाली, उद्या छापतो. तुमच्या पंचवीस निघाल्या की गावातल्या वाया गेलेल्या दोनशे बांधायला घेतो. सुतळी मिळाली आहे. त्या मुलीला कळव, कडी लावलेलीच नव्हती. बाकीचं तिने स्वतः वाचावं. निबंध बदलावा लागला तर आमच्याकडून क्षमा माग.

काकू काल सकाळच्या गाडीने मुद्रितं तपासायला आली आहे. आल्या आल्या चष्मा लावून बसली. तिला काही काम असावं म्हणून मी शेवटच्या पानावर दोन चुका मुद्दाम ठेवल्या होत्या. तिने सात काढल्या. पाच माझ्या खऱ्या आहेत.

काका

ता. क. आठ. आठवी या पत्रात आहे. वर 'मुद्रितं तपासायला आली आहे' असं लिहिलंय, तिथे 'घरी आली आहे' असं वाचावं.

काकू